इथे पाणी प्यायचं

चौथ्या स्लाइडच्या खाली चार ओळी दिसल्या, तेव्हा त्याला आधी वाटलं, आपला डावा डोळाच पुन्हा काहीतरी घोळ घालतोय. म्हणून त्याने डावा डोळा तळहाताने झाकला आणि उजव्याने पाहिलं. ओळी तिथेच होत्या. फोन हातभर लांब धरून पाहिला, नाकाशी आणून पाहिला, खिडकीकडे पाठ करून उजेड अंगावर अडवून पाहिला. ओळी तिथेच. 'इथे थांबायचं. पाणी प्यायचं. मग सावकाश: तो माझा जवळचा मित्र आहे, म्हणूनच हे मला बोलावं लागतंय. (तो काही बोलणार नाही. ओळखतो मी त्याला.)' सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. अकराला मीटिंग होती. स्लाइड मास्तरची होती, ओळी मास्तरच्या होत्या, आणि ओळींमधला 'तो' म्हणजे हा स्वतः, हे कळायला त्याला फार वेळ लागला नाही. मास्तरला या इमारतीत जवळचे मित्र किती होते? एकच. आणि त्या एकालाच वीस मिनिटांपूर्वी मास्तर येऊन सांगून गेला होता, "भंगारशेठ, लिंक टाकलीय. तुझ्या सगळ्या डबड्यांवर एकदा उघडून बघ रे. मॅडम टॅब्लेटवर बघणार, बाकीचे आपापल्या फोनवर. कुठे काही हललं-बिललं तर तिथल्या तिथे माझी शोभा." तो म्हणाला होता, "बघतो." मास्तर म्हणाला होता, "तुझ्याशिवाय आहे कोण मला," आणि खांद्यावर दोनदा थोपटून गेला होता. ती दोन थोपटणी अजून खांद्यावर होती. शर्टाला काही लागलंय की काय, अशा नजरेने त्याने खांद्याकडे पाहिलं.

भंगारशेठ हे नाव त्याच्या ड्रॉवरमुळे पडलं होतं. तेवीस फोन आणि टॅब्लेट, प्रत्येकाच्या पाठीवर नंबराची चिकटपट्टी. त्याची कंपनी सादरीकरणं बनवायचं साधन विकत होती, सगळं ब्राउझरमध्ये. स्लाइडही तिथेच बनवायच्या, तिथूनच दाखवायच्या, समोरच्याला नुसती लिंक पाठवायची. 'कुठेही, कशावरही' असं कंपनीच्या दारावर लिहिलेलं होतं. 'कुठेही' हा शब्द कुणीही लिहू शकतं. 'कशावरही' हा शब्द खरा करायला त्याची बारा वर्षं गेली होती. नवा फोन घेऊन मिरवणाऱ्यांना काय कळणार, की जगात अर्धी माणसं फुटक्या काचेतून वाचतात, कुणाचातरी टाकलेला टॅब्लेट मुलांना शिकवायला वापरतात, आणि त्यांच्यासमोर स्लाइड उघडली नाही तर ती कंपनीला नाही, स्वतःलाच अडाणी समजतात. तो त्यांच्यासाठी ड्रॉवर उघडून बसायचा. सात नंबर अक्षरं बारीक दाखवायचा. बारा नंबर आडवा केला की स्लाइड आडवी व्हायची, पण उभा केला की उभी व्हायची नाही, रुसलेल्या पोरासारखी आडवीच पडून राहायची. सोळा नंबरचा टॅब्लेट चित्रफीत गिळून टाकायचा आणि तिच्या जागी नुसती राखाडी चौकट ठेवायचा. त्याला एकेकाचा स्वभाव पाठ होता. माणसांपेक्षा फोन बरे, असं तो म्हणायचा. खोटं बोलतात, पण दर वेळी एकच खोटं बोलतात.

आणि तीन नंबर. ड्रॉवरमधला सगळ्यात म्हातारा. कोपरा फुटलेला, पाठ फुगलेली, चार्जरला लावल्याशिवाय दहा मिनिटंही जगत नाही असा. बोलणाऱ्याने स्लाइडखाली स्वतःपुरती टिपणं लिहायची सोय त्यांच्या साधनात होती; बघणाऱ्यांना ती दिसायची नाहीत. 'हे लपव' अशी आज्ञा प्रत्येक स्लाइडबरोबर ब्राउझरला जायची. तीन नंबरमधल्या जुन्या ब्राउझरला ती आज्ञा कळायचीच नाही. न कळलेली आज्ञा तो सोडून द्यायचा आणि जे लपवायचं तेच स्लाइडखाली मांडून ठेवायचा, एखाद्या भोळ्या म्हाताऱ्याने पाहुण्यांसमोर घरातलं सगळं बोलून टाकावं तसा. चार वर्षांपूर्वी त्याने हा दोष नोंदवला होता. नीट, पायरी पायरीने, फोटोसकट. तेव्हा साधन बनवणाऱ्यांच्या बाजूला मास्तर मुख्य होता, आणि त्याने दुसऱ्याच दिवशी नोंद बंद करून खाली लिहिलं होतं: 'असा फोन जगात फक्त तुझ्याकडे आहे. दुरुस्त करणार नाही.' पुढे एक हसरा चेहरा. त्या संध्याकाळी दोघंही त्यावर पोट धरून हसले होते. आता तीन नंबर त्याच्या हातात तापत होता, आणि त्याला वाटलं, खरंच की, असा फोन जगात फक्त माझ्याकडे आहे.

त्याने पहिल्या स्लाइडपासून पुन्हा सुरुवात केली. चोरून वाचल्यासारखं वाटत होतं, आणि लगेच या वाटण्याचाच संताप आला. लाज मला का? ही तर माझी तपासणी आहे, सांगितलेलं काम आहे. पहिली स्लाइड: 'जुनी उपकरणं: पुढची वाट'. खाली: 'उभं राहायचं. सगळ्यांकडे बघायचं. मॅडमकडे शेवटी.' दुसरीवर त्याचा स्वतःचा तक्ता होता. जुन्या फोनवरून उघडणारी किती माणसं, कोण, कशासाठी, तीन आठवडे बसून त्याने तो बनवला होता, कारण मास्तर म्हणाला होता, "वर तुझी बाजू मांडायचीय, जोरदार आकडे दे." दर शंभरात सहा माणसं. सहा म्हणजे शाळा, दवाखाने, एक नर्सबाई जी टॅब्लेटवर नव्या मुलींना जखम बांधायला शिकवायची आणि दर महिन्याला त्याला पत्र पाठवून काय बिघडलं ते सांगायची. तक्ता तोच होता, एक रेघही हललेली नव्हती. खालचं टिपण मात्र म्हणत होतं: 'फक्त सहा. फक्त या शब्दावर जोर.' एकच शब्द लावून त्याचे तीन आठवडे उलटे टांगले होते. तिसरी स्लाइड यंत्राने करायच्या तपासणीची होती, म्हणजे माणूस नको. चौथी: 'गेल्या आठ महिन्यांत निसटलेले दोष: नऊ'. चौथीखालचं तर वाचूनच झालं होतं. पाचवीवर नुसतं 'प्रश्न?' असं लिहिलेलं होतं, मोठ्या अक्षरांत, आणि तिच्या खाली: 'डोळ्याचं फक्त कुणी विचारलं तर. हळू आवाजात. मला सांगताना बरं वाटत नाही, असं म्हणायचं. घरच्यांशी बोललोय, त्यांचीही हीच इच्छा आहे, हे शेवटी.'

फोन त्याने टेबलावर पालथा ठेवला. मग पुन्हा सुलटा केला. घरच्यांशी. हा शब्द मास्तरने सभेसाठी वापरला होता. एरवी तो 'वहिनी' म्हणायचा. वहिनींनी डबा काय दिलाय, वहिनींना सांग शर्टाचं बटण लावून द्यायला. डोळ्याचं वहिनींना ठाऊक नव्हतं. डोळ्याचं जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, डॉक्टरला आणि मास्तरला.

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी दाराची चौकट मधोमध आत वाकलेली दिसली होती. त्याने चौकटीवरून हात फिरवला. चौकट सरळ होती. मग खिडकीचा गज वाकला, मग रस्त्यावरचा दिव्याचा खांब, मग सगळ्यात वाईट म्हणजे पडद्यावरच्या तक्त्यांच्या रेघा. डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध सूज आहे. सुया घ्याव्या लागतील, वाढू नये एवढंच बघायचं. पडदा! तो मनात हसला होता. आयुष्यभर दुसऱ्यांचे पडदे तपासले आणि दोष निघाला तो आपल्यात. रेघ सरळ आहे की वाकडी, हे सांगण्याचेच त्याला पैसे मिळत होते, आणि नेमकी तीच गोष्ट त्याच्याकडून काढून घेतली होती. एक डोळा मिटून काम जमायचं, पण संध्याकाळपर्यंत उजवाही शिणायचा, भरून यायचा, त्यालाही खात्री वाटेनाशी व्हायची. मग त्याने मास्तरला सांगितलं. कॉफीच्या यंत्रापाशी, कप हातात गरम होत असताना, कुणाला कर्करोग झाल्यासारख्या आवाजात. मास्तरने कप खाली ठेवून त्याचे दोन्ही हात धरले होते. "वेडा आहेस का? मी आहे ना. तुला शंका आली की मला विचार. माझे डोळे ते तुझे डोळे." तेव्हापासून दिवसातून चार-पाच वेळा तो खुर्ची मागे सरकवायचा आणि पलीकडच्या टेबलाकडे विचारायचा, "मास्तर, हे सरळ आहे का रे?" आणि मास्तर म्हणायचा, "सरळ आहे."

तो चौथ्या स्लाइडवर परत गेला. नऊ दोष, नऊ ओळी. पहिला वाचला आणि बोट थांबलं. 'अकरा नंबर टॅब्लेटवर तक्त्याचा तिसरा रकाना तिरका.' हा त्याला आठवत होता. नुसता आठवत नव्हता, त्या दुपारचा वाससुद्धा आठवत होता, गालिचा धुतल्याचा. त्याला तो रकाना तिरका दिसला होता. म्हणून त्याने स्टीलची पट्टी काचेवर ठेवून पाहिली; पट्टीही वाकडी दिसली. म्हणून त्याने विचारलं. "सरळ आहे." चौथा दोष: 'उभ्या फोनवर मथळा डावीकडे कलतो.' विचारलं होतं. सातवा: 'चौकटीची खालची रेघ तुटते.' विचारलं होतं, दोनदा विचारलं होतं, आणि दुसऱ्यांदा मास्तर जरा वैतागून म्हणाला होता, "अरे, सरळ आहे म्हटलं ना, घे पुढे." बाकीच्या सहांबद्दलही विचारलं होतं. त्याने डोळे मिटून मास्तरचं ते टेबल आठवायचा प्रयत्न केला. कानांवरचे ते काळे हेडफोन, पडद्यावर पळणारी अक्षरं, मागून दिसणारं टकलाचं वर्तुळ. मागून. दर वेळी मागूनच. आठ महिन्यांत मास्तरने एकदा तरी मान वळवली होती का? त्याने खूप प्रयत्न केला. चेहरा आठवेना. टकलाचं वर्तुळ तेवढं स्पष्ट, कडेच्या केसांसकट. म्हणजे हरामखोराने बघितलंच नव्हतं. मुद्दाम खड्ड्यात ढकललं असतं तर एक वेळ समजता आलं असतं. शत्रूसुद्धा ढकलण्याआधी नीट बघून घेतो. याने नुसतंच न बघता 'सरळ आहे' म्हटलं, आणि पुढे जेव्हा तेच दोष गिऱ्हाइकांकडून परत आले, तेव्हा ते मोजून, ओळीने लावून, स्लाइड केली. आणि ती स्लाइड तपासायला माझ्याकडेच पाठवली. सवयीने! कसायाने सुरी धार लावायला बकऱ्याकडेच द्यावी, तशी.

दहा वीस. तो जिन्यात गेला. या इमारतीत जिना कुणी वापरत नसे, त्यामुळे तिथे भिंतींना रंगाचा आणि जुन्या पुठ्ठ्यांचा वास कोंडलेला होता. बायको कपडे दुरुस्त करायच्या दुकानात काम करायची. फोन उचलला तेव्हा मागे शिवणयंत्राची घरघर चालू होती.

"बोला. डबा विसरलात का?"

"मास्तर तुझ्याशी बोलला होता?"

घरघर थांबली नाही, पण मंदावली. "कशाबद्दल?"

"तुला ठाऊक आहे कशाबद्दल."

यंत्र थांबलं. "हो. बोलले होते. गेल्या रविवारी, तुम्ही केस कापायला गेला होता तेव्हा."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"मी?" ती हसली, पण ते हसू नव्हतं. "मी सांगायला हवं होतं? आठ महिने तुम्ही मास्तरना सांगताय, मला नाही. भिंतीवरचं घड्याळ तुम्ही तीनदा सरळ केलंत आणि तीनदा वाकडं केलंत. मी दिवसभर कापडावर खडूने रेघा मारते हो. मी आंधळी आहे का?"

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडलं, बंद केलं.

"मी वाट बघत होते," ती म्हणाली. "म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. शेवटी परक्या माणसाने सांगितलं. 'वहिनी, तुम्हाला ठाऊक असेलच,' म्हणाले. मी म्हटलं, हो, ठाऊक आहे. खोटं बोलले मी त्यांच्याशी. तुमची लाज राखायला."

"काय म्हणाला तो?"

"म्हणाले, डोळ्यांना ताण नको, दुसरं काहीतरी हलकं काम बघतो. मी म्हटलं, बघा. एवढंच. का? काय झालं?"

"दुसरं काम नाहीये. कुठलंच नाहीये. आज अकराला काढून टाकणार आहेत, आणि तुझीही तीच इच्छा आहे असं तिथे सांगणार आहेत."

तिच्या आवाजात एक वेगळाच, त्याने कैक वर्षांत न ऐकलेला कोरडेपणा आला. "माझी इच्छा? माझी इच्छा हा कोण सांगणारा?" आणि मग, "तुम्ही काय करणार?"

"मीटिंगला बसतो."

"बसा. तुम्ही बसताच. तोंड शिवून बसायला तुम्हाला कुणी शिकवायला नको; माझ्यापेक्षा बारीक टाके घालता." तिने फोन ठेवला. यंत्राची घरघर पुन्हा सुरू झाली असेल की नाही, याचा विचार करत तो तिथेच उभा राहिला. ती खरं बोलली होती. मास्तरही खरंच लिहून गेला होता: तो काही बोलणार नाही. जगात त्याला नीट ओळखणारी दोन माणसं होती आणि त्याच्याविषयी दोघांचं एकच मत होतं. आणि तिचा राग? तिचा राग त्याला झेलता येईना. मास्तरला सांगणं सोपं होतं. मास्तरसमोर तो एक वाकडा दिसणारा फोन होता, दुरुस्तीला आलेला. तिच्यासमोर तो नवरा होता. म्हणून त्याने तिच्यापासून लपवलं; 'हे लपव' अशी आज्ञा स्वतःलाच दिली, आणि ती तंतोतंत पाळली. तीन नंबरएवढाही प्रामाणिकपणा त्याला जमला नव्हता.

जिन्याच्या कठड्याला टेकून उभा असताना त्याला अकरा वर्षांपूर्वीचा मास्तर आठवला, आणि नको तेव्हा आठवला. एक मोठं गिऱ्हाईक आलं होतं, वीसेक माणसं. मास्तरला समोर उभं केलं होतं, कारण साधन त्याने बनवलं होतं. मास्तर उभा राहिला आणि त्याचं तोंडच उघडेना. मागच्या रांगेत बसलेल्या त्याला ते बघवलं नाही. तो उठून पुढे गेला, मास्तरच्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि पुढची दहा मिनिटं स्वतःच काहीबाही बोलत राहिला. त्यानंतर संडासात मास्तर रडला होता. बेसिनचा नळ सोडून, आवाज ऐकू जाऊ नये म्हणून. "माझ्याच्याने होणार नाही रे हे." आणि तो म्हणाला होता, "होईल. सगळं लिहून ठेव. नुसतं काय बोलायचं ते नाही, काय करायचं तेही लिही. इथे थांबायचं. इथे पाणी प्यायचं. इथे हसायचं. तुला आठवायचं काही उरलंच नाही, तर तू घाबरशील कशाला?" पुढे महिनाभर रिकाम्या खोलीत त्याने मास्तरला उभं करून शिकवलं होतं. हसायचं कसं, तेसुद्धा. आधी डोळ्यांनी हसायचं, मग ओठांनी, दात शेवटी. आधी दात दाखवलेस तर माणूस काहीतरी विकतोय असं वाटतं. स्लाइडखाली टिपणं लिहायची सोय साधनात घ्यायला पाहिजे, ही कल्पनाही त्याचीच होती. एका घाबरट मित्रासाठी. नंतर ती लाखो लोकांना आवडली आणि मास्तर पुढे पुढे जात राहिला, आणि समोर उभं राहून बोलणारा म्हणूनच त्याचं नाव 'मास्तर' पडलं. नाव ठेवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं, मास्तर कोण आणि शिष्य कोण.

अकराला पाच कमी असताना तो मीटिंगच्या खोलीत गेला. तीन नंबरला चार्जर लागतो, म्हणून भिंतीलगतची, प्लगजवळची खुर्ची धरली. सात माणसं. सगळ्यांनी लिंक आपापल्या फोनवर उघडली. नवे, पातळ, गुळगुळीत फोन, लपव म्हटलं की लपवणारे. मॅडम टॅब्लेट उभा करून बसल्या. कंपनीच्या मुख्य, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, सगळ्यांना 'तुम्ही' म्हणणाऱ्या. मास्तर मोठ्या पडद्यापाशी उभा होता. निळा शर्ट, इस्त्रीचा. त्याच्याकडे बघून मास्तरने भुवया उंचावल्या: सगळं ठीक? त्याने मान हलवली: ठीक. ही मान आपोआप हलली, आणि त्याला स्वतःच्या मानेची किळस आली.

मास्तर उभा राहिला. सगळ्यांकडे बघितलं. मॅडमकडे शेवटी. त्याच्या पोटात एक विचित्र हसू उमटलं, उचकीसारखं. पुढची मिनिटं स्वप्नासारखी गेली: ओठ हलण्याच्या आधीच शब्द त्याच्या मांडीवर लिहिलेले होते. "दर शंभरात *फक्त* सहा," मास्तर म्हणाला, आणि जोर तिथेच पडला. नर्सबाई, तिच्या जखम बांधायला शिकणाऱ्या मुली, सगळं त्या 'फक्त'च्या खाली चिरडलं गेलं आणि खोलीतल्या सात जणांनी माना डोलावल्या. त्याने मुद्दाम उजवा डोळा मिटला. डाव्यातून मास्तर कमरेत मोडलेला दिसत होता, आणि मागच्या पडद्यावरचा त्याचा तक्ता मधोमध आत ओढला गेला होता. उजवा उघडला, मास्तर सरळ उभा. कुठला डोळा खरं बोलतोय, हे आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्याला ठामपणे सांगता आलं असतं.

चौथी स्लाइड आली. नऊ दोष. मास्तर थांबला. टेबलावरचा ग्लास उचलला, पाणी प्यायला. तीन घोट, शिकवलं होतं तसे, छोटे. "तो माझा जवळचा मित्र आहे," मास्तर सावकाश म्हणाला, "म्हणूनच हे मला बोलावं लागतंय." दोघांतिघांनी त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच फोनमध्ये डोकी घातली. माणसांना दुसऱ्याची फजिती बघायला आवडते, पण बघताना सापडायला आवडत नाही. मास्तरने नऊ दोष भराभर वाचून पाचवी स्लाइड घेतली. 'प्रश्न?'

कुणी काही विचारलं नाही. त्याला दिसत होतं, मास्तरचा अंगठा पुढच्या स्लाइडच्या बटणावर आहे, आणि त्या अंगठ्यात घाई आहे. कुणी विचारलं नाही तर डोळ्याचं निघणारच नव्हतं. नोकरी गेली असती, पण ती गुपचूप गेली असती, आणि मास्तरने एक गोष्ट तरी पोटात ठेवली असं म्हणता आलं असतं. म्हातारपणी कधी भेटलो असतो तर तेवढ्या एका गोष्टीच्या आधारावर शेजारी बसता आलं असतं. गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. ते तर त्याला येतच होतं. पण मग हे शेजारी बसणं म्हणजे तरी काय? पुन्हा तेच. न बघता 'सरळ आहे' म्हणणं, आणि आपण ते मानणं. दोष कसे निसटले ते त्याला मास्तरच्या तोंडून ऐकायचं होतं. ज्या तोंडाला आपण पाणी पाजलं, त्या तोंडून.

"मला विचारायचंय," तो म्हणाला.

मास्तरचा अंगठा थांबला. मॅडमनी टॅब्लेटवरून मान वर केली. "विचारा ना."

"हे नऊ दोष निसटले कसे?"

मास्तरने त्याच्याकडे बघितलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा, सरळ, समोरून. त्या डोळ्यांत त्याला ओळखीचं काहीतरी दिसलं, अकरा वर्षांपूर्वीचं, बेसिनपाशी उभं असलेलं: मला यातून सोडव. नको विचारूस. क्षणभर, खरंच क्षणभर, त्याचे पाय उठायला निघाले, जवळ जाऊन ग्लास हातात द्यायला. मास्तर म्हणू शकला असता, मी बघितलं नाही म्हणून. सहा शब्दही लागले नसते. तो बोटाने तीन नंबरच्या फुटक्या काचेवर ओळ धरून बसला आणि थांबला.

मास्तरने पाणी घेतलं. आवाज हळू केला. "हे मला सांगताना बरं वाटत नाही," तो म्हणाला. बोट पहिल्या ओळीवर. "त्याच्या डाव्या डोळ्याला त्रास आहे. त्याला सरळ रेघ सरळ दिसत नाही." बोट दुसऱ्या ओळीवर. कुणीतरी 'अरेरे' म्हणालं. "बरेच महिने मी सांभाळून घेतलं." हे टिपणात नव्हतं, हे मास्तरला आत्ता सुचलं होतं. "मी त्याच्या घरच्यांशीही बोललोय. त्यांचीही हीच इच्छा आहे." शेवटी. लिहिलं होतं तसं, शेवटी.

मॅडम त्याच्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर दया होती, आणि ती खरी होती, हेच वाईट होतं. "तुम्हाला यावर काही बोलायचंय?"

मास्तरने त्याच्या उत्तराची वाट बघितली नाही. तो काही बोलणार नाही, हे त्याला ठाऊकच होतं. अंगठा दाबला गेला आणि सहावी स्लाइड आली: त्याच्या ड्रॉवरचा फोटो, तेवीस फोन, नंबरांसकट, आणि वर एकच शब्द, 'संग्रहालय'. त्याने मांडीवरचा फोन पाहिला; सकाळी न उघडलेल्या या स्लाइडखाली दोनच शब्द होते: 'इथे हसायचं.' मग चार्जर काढला, उठला, टेबलापाशी गेला आणि तीन नंबर मॅडमच्या समोर सुलटा ठेवला. पाच-सात मिनिटं जगला असता तो; तेवढी पुरेशी होती. सगळी खोली त्याच्याकडे बघत होती, आणि मास्तर फोनकडे बघत होता. ओळखला होता त्याने तो फोन.

"चार वर्षांपूर्वी नोंदवला होता मॅडम, हा दोष," तो म्हणाला. "पाचव्या स्लाइडखाली माझ्या बायकोचं वाचा. तिने असं काही म्हटलेलं नाही. आणि चौथीवरच्या नऊ दोषांतल्या प्रत्येकाबद्दल मी याला विचारलं होतं, सरळ आहे का म्हणून."

मॅडमनी फोन उचलला. बोटाने स्लाइड सरकवली. एकदा, मग पुन्हा एकदा. आता त्यांच्या चेहऱ्यावर दया नव्हती.

तो मास्तरकडे वळला. आवाज चढला नाही. रिकाम्या खोलीत महिनाभर शिकवायचा तेव्हाच्याच आवाजात, विसरलेल्याला आठवण करून द्यावी तसा तो म्हणाला, "मास्तर, सहावी आली. इथे हसायचंय."

आणि मास्तर हसला. आधी डोळ्यांनी, मग ओठांनी, दात शेवटी.